अण्णांची चिठ्ठी, आत्याचं मस्टर

माझी आजी तारखा बाळंतपणांवरून सांगायची. "तुझी आत्या झाली तवा कायदा नव्हता, तुझा बा झाला तवा कायदा आला हुता." साल विचारलं तर ती हात झटकायची. सालं आम्ही नंतर पुस्तकांतून जुळवली.

आजी माणदेशातली. लग्न होऊन मुंबईला आली आणि वर्षभरात गिरणीत रीळ खात्यात लागली. कोणत्या गिरणीत, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझे वडील, अण्णा, एक नाव सांगायचे, आत्या दुसरं. आजी मात्र "मी भोंग्याच्या आवाजावरनं गिरणी वळखायची" एवढंच म्हणायची. आत्या १९२८ सालची, म्हणजे मोठ्या संपाची. तो संप सहा महिने चालला, ऑक्टोबरात मिटला आणि दिवाळीच्या आगेमागे आत्या जन्मली. घरात सहा महिने पगार नव्हता, वाण्याची उधारी डोक्याएवढी. आजी दहाव्या-बाराव्या दिवशीच कामावर गेली. पोर शेजारच्या एका म्हातारीजवळ ठेवायची, अफूची गोळी चाटवून. गोळी दिली की पोर पाळीभर निजायचं. हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा नाही, कारण तेव्हा गिरणीत जाणाऱ्या बहुतेक बायका हेच करीत. सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाईंच्या पाहणीतही त्याची नोंद झाली आहे. आत्या मात्र म्हातारपणीसुद्धा म्हणायची, "म्या उभ्या जन्मात जागी ऱ्हायले, झोप सगळी तवाच संपली."

१९२९ साली मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला. देशातला तसला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्याच हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं. अण्णा १९३१चे, परळच्या वाडियात जन्मलेले. त्या खेपेला आजीला घरी बसून पैसे मिळाले. किती, ते ती दर वेळी वेगळं सांगायची. पण त्या पैशांचं काय केलं हे कधी बदललं नाही: अळीव, खारीक, डिंक आणि नवं धडुतं. "तुझ्या बाला गोळी न्हाई द्यावी लागली," हे ती आत्यासमोरच सांगायची आणि आत्या मान खाली घालून भाकरी थापत राहायची.

या भत्त्याचा खर्च सगळा पडला तो मालकांवर. मग मालकांना बाई महाग वाटू लागली. बायकांना रात्रपाळी बंद, नवी यंत्रं येत होती, आणि वर हा भत्ता. त्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक बाई असे. माझ्या लहानपणी गिरणीतली बाई शोधावी लागे. आजीलाही काही वर्षांत घरी बसवलं. बाबासाहेब सरकारचा वाटा मागत होते त्याचं मोल मला इथे कळतं. मदतीचा सगळा भार एकाच खांद्यावर टाकला की तो खांदा ओझं झटकायला बघतो.

घरी बसलेल्या आजीने खाणावळ काढली. आत्याला गावी पाठवलं आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचं तिकडेच लग्न लावलं. अण्णा मुंबईत राहिले. एकाच आईची दोन लेकरं दोन वाटांना लागली ती अशी.

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, हिंदमाता थिएटरच्या मागच्या अंगाला. १६० चौरस फूट, पुढे लांबच लांब व्हरांडा, टोकाला नळ आणि संडास. या चाळी १९२०च्या दशकात गव्हर्नर लॉइडच्या काळात बांधल्या आणि त्या योजनेसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला होता. अण्णांना ही गोष्ट फार आवडायची. "आपल्या डोक्यावरचं छप्पर कापसाचं आहे," म्हणायचे. चाळीतून निघून पाच-दहा मिनिटं चाललं की फाइव्ह गार्डन आणि पारशी कॉलनी, थोडं पुढे हिंदू कॉलनी. तिथल्या गॅलऱ्यांत वेताच्या खुर्च्या असत. शाळेत त्या बाजूच्या मुली माझ्या बाकावर बसायच्या आणि डबा उघडला की दोन्ही बाजू कळायच्या.

आजोबांबद्दल मला फारसं सांगता येत नाही. साचेखात्यात होते, छातीत कापूस बसला, खोकत गावी गेले ते परत आले नाहीत. अण्णाही साचेखात्यातच चिकटले. आधी बदली म्हणून रोज सकाळी गेटवर उभे राहत, मग कायम झाले. कायमचं तिकीट मिळालं त्या दिवशी आजीने सत्यनारायण घातला. तिकिटाबरोबर काय काय आलं ते आता ओळीने मांडलं की मला नवल वाटतं. १९५२च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड आला. १९५४ साली मुंबईत कामगार विमा आला आणि अण्णांना पॅनलचा डॉक्टर मिळाला, मोठं दुखणं आलं तर परळचं गांधी हॉस्पिटल. महागाई निर्देशांक वर गेला की भत्ता वर जाई. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, आधी किमान ४ टक्के, पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक जादा पगार. १९७२ साली ग्रॅच्युइटी. अण्णांच्या छातीतही कापूस बसला होताच. पण त्यांना रजेचे पैसे मिळाले, फोटो निघाला, औषधं मिळाली आणि ते पुन्हा साच्यावर उभे राहिले. आजोबा आणि अण्णा यांच्यात एवढाच फरक होता, आणि तो फरक डॉक्टरच्या हुशारीचा नव्हता.

बोनस हातात आला की हिंदमाताला कापड घ्यायला जायचं. आई, आजी, शेजारच्या दोघी आणि आम्ही मुली. आजी दुकानात लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून ताणायची आणि सूत किती नंबरचं ते सांगायची. दुकानदार तिला वचकून असत. दिवाळीला रेशनवर जादा साखर मिळे, रवा मिळे, आणि पुढे पामतेल. संध्याकाळी सगळ्या मजल्यावर तोच वास. हिंदू कॉलनीतली मैत्रीण माझी चकली खाऊन म्हणाली होती, "तुमच्याकडची मस्त खुसखुशीत असते गं." तिच्याकडे शेंगदाणा तेल होतं. मला तो मोठा दिवस वाटला. मुंबईत रेशन १९४३ साली, लढाईच्या काळात सुरू झालं. आमच्या आजीच्या लेखी राज्य कुणाचंही असो, कार्डावर नाव असलं की आपण या गावचे. मी शाळेत शिकले तीही ई.बी.सी.च्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या फी-सवलतीच्या, फॉर्मवर. त्या एका सवलतीने गिरणगावातल्या किती मुली लिहित्या झाल्या, याचं पुस्तक व्हायला हवं.

हे सगळं आमच्यापर्यंत आलं, पण आईपर्यंत आलं नाही. आजीची खाणावळ पुढे आईने चालवली. पहाटे चारला उठून ती पहिल्या पाळीच्या माणसांच्या भाकऱ्या बडवायची आणि रात्री अकराला दुसऱ्या पाळीच्यांची ताटं घासायची. तिला फंड नव्हता, विमा नव्हता, रजा नव्हती. तिच्या वाट्याला पहिली चांगली गोष्ट आली ती १९७५ साली, प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळालं. बँकेत अंगठा नको, सही हवी म्हणून माझ्याकडून चार रात्री नाव गिरवून घेतलं.

आणि आत्या तर या सगळ्याच्या पार पलीकडे.

१९७२चा दुष्काळ मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिला. आत्याच्या गावची विहीर तळाला गेलेली. खायला अमेरिकेहून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. कामावर पोरांना सुकडी मिळे, गोडसर, भुकटीसारखी. आत्या खडी फोडायला जायची. राज्यभर अशा कामांवर १९७३च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं होती. मी तिच्याबरोबर एकदा गेले. बायका ओळीने बसलेल्या, डोक्यावर पदर, पायात चिंध्या गुंडाळलेल्या, बोटाला टायरच्या रबराची पट्टी. हातोडा पडला की कपच्या डोळ्यांत उडायच्या, म्हणून घाव घालताना सगळ्या डोळे मिटून घेत. मी शहरातली, मला वाटलं त्या झोपल्या आहेत.

या कामांना कायद्याचं रूप यावं म्हणून धडपडणारा माणूस आमच्या शेजारच्याच मुलखातला, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. त्यांचा विचार साधा आणि फार मोठा होता: ज्याला अंगमेहनतीचं काम हवं, त्याने मागावं आणि सरकारने द्यावं. दुष्काळ असो-नसो. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारीभत्ता. मोजमापाप्रमाणे दाम, बाईला आणि गड्याला एकच दर. यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारांच्या, व्यापाऱ्यांच्या, धंदेवाल्यांच्या खिशातून तो जमवायचा आणि त्यात सरकारने तेवढीच भर घालायची. पुढे २००५ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला तो याच पायावर.

अण्णांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसू लागली तेव्हा ते कुरकुरले होते. "आता श्वास घ्यायचाही कर लावा." युनियनच्या कचेरीतल्या एका कार्यकर्त्याने त्यांना समजावलं की हा पैसा गावाकडच्या रोजगार हमीला जातो. त्या दिवसापासून त्यांची कुरकुर थांबली. दर महिन्याला चिठ्ठी घरी आणून आईपुढे ठेवत आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणत, "ही आक्काची." मनीऑर्डर ते वेगळी पाठवतच.

आत्याला त्यातून काय मिळालं हे तिच्याच तोंडून ऐकावं. मजुरी थोडीच होती. पण पूर्वी बागाईतदार सांगेल तो रोज घ्यायचा, आता ती म्हणू लागली, "येते की, पन हमीच्या कामाएवढं दे." बागाईतदार चिडले, मजूर माजले म्हणाले, आणि दर वाढवून दिला. कामावर न जाताही आत्याची मजुरी वाढली, ती अशी. शिवाय मस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं, नवऱ्याच्या नावापुढची बायको म्हणून नव्हे. पैसे तिच्या हातात पडायचे. पहिल्या पैशांत तिने नाकातली चमकी घेतली, पोरांना काही घेतलं नाही, यावरून सासरी महिनाभर धुसफूस चालली. मला त्या चमकीचा अजून आनंद होतो.

तरी सगळं गोड नव्हतं. आत्याच्या गँगने एक पाझर तलाव खणला. दोन उन्हाळे घमेली वाहिली. तलाव भरला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढलं. त्या विहिरी ज्यांच्या, त्यांचा ऊस उभा राहिला. आत्याचं कोरडवाहू वरच्या अंगाला. तिला मिळाली ती मजुरी, तीही तलाव पुरा होईपर्यंत. जमीन ज्याची त्यालाच पाणी, हा हिशेब रोजगार हमीला सुटला नाही. गरिबाच्या पोटाला आधार मिळाला. गरीब आणि बागाईतदार यांच्यातलं अंतर मात्र त्या तलावाने काही ठिकाणी वाढवलंच, हे मला लपवायचं नाही.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप, अडीच लाख कामगार. पहिले दोन-तीन महिने चाळीत उत्सवासारखे गेले, पत्त्यांचे डाव, भजनं. मग सुरू झाली ओहोटी. पगार नाही म्हणजे वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणजे यथावकाश विमा नाही. पॅनलच्या डॉक्टरच्या पायऱ्या ओस पडल्या. फंड कुणी संपातच काढून खाल्ला, कुणाचा वर्षानुवर्षं अडकला. अण्णांना जे जे तिकिटाबरोबर मिळालं होतं, ते ते तिकिटाबरोबर गेलं. उरलं काय? रेशनकार्ड उरलं, कारण ते घराच्या नावावर होतं. बीडीडीची खोली आणि तिचं थोडकं भाडं उरलं. केईएम हॉस्पिटल उरलं, महापालिकेची शाळा उरली. आणि आईची खाणावळ, जिथे पन्नास जेवणाऱ्यांपैकी पैसे देणारे पाच-सहा आणि तरीही ताट कुणाचंच बंद नाही.

संपाच्या पहिल्याच उन्हाळ्यात अण्णा गावी गेले. शेत बघतो म्हणाले. काय बघितलं ते कधी बोलले नाहीत. ते वारल्यावर, घरातल्या एका लग्नात हळद दळता दळता आत्याने सांगितलं. अण्णा रोजगार हमीच्या कामावर गेले होते. मस्टरवर आत्याच्या नावाखाली त्यांचं नाव होतं. आयुष्यभर तुटलेला धागा दोन बोटांत सांधणारा हात, टिकावाने दोन दिवसांत सोलला. आत्या रात्री तेल-हळद लावायची. तेव्हा कधीतरी अण्णा तिला म्हणाले, "आक्का, ह्याच कामासाठी माझा पगार कापला जायचा." आत्या म्हणाली, "मग तुझंच हाय की. घे." आठवडी पगार झाला तेव्हा त्यांनी गूळ-शेंगदाणे घेतले आणि दोघं बांधावर बसून खाऊन आले. आत्याला शेवटपर्यंत वाटायचं, भावाबरोबर निवांत बसलेली ती एकच खेप.

माझ्या मुलीने अर्थशास्त्र केलं. तिने मला ल्युका शान्सेल आणि थॉमस पिकेटी या दोघांचा अभ्यास वाचून दाखवला. प्राप्तिकराच्या नोंदींवरून त्यांनी भारतातल्या उत्पन्नाचा अंदाज काढला आहे. त्यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत. वरच्या एक टक्का लोकांचा वाटा १९३०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे २१ टक्के होता. तो उतरत उतरत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ६ टक्क्यांवर आला आणि २०१४ पर्यंत पुन्हा २२ टक्क्यांवर गेला. सगळ्यात खालचा आकडा जवळजवळ आमच्या संपाच्या सालचा. तो काही एकट्या फंड-बोनसने उतरला नव्हता. इंदिरा गांधींच्या काळात १९७३-७४ साली वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. पण मला तो आलेख बघताना आजीची बाळंतपणं, अण्णांची चिठ्ठी आणि चकलीचा डबाच दिसत होता. पुढची चढण तर आम्ही डोळ्यांनी पाहिली. साच्यांचं काम भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं, जिथे फंड-विम्याचं नाव नाही. गिरण्यांच्या जमिनींपैकी एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, असा १९९१चा नियम होता. २००१च्या बदलाने तो फक्त उघड्या जमिनीपुरता उरला. चिमणी होती तिथे काचेची इमारत झाली.

आता चाळीतल्या बायकांच्या खात्यात सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात. हिणवून बोलणाऱ्यांशी मी भांडते. बाईच्या स्वतःच्या नावाने आलेल्या पैशांत काय असतं, ते आत्याच्या चमकीने मला शिकवलं आहे. पण मला त्याच्याखाली आत्याच्या वेळेसारखा पाया हवा आहे: विधिमंडळाने केलेला कायदा, आणि त्याचा म्हणून वेगळा कर, वेगळा निधी. शासन निर्णयाने सुरू झालेली गोष्ट शासन निर्णयाने आखडते. आत्या काम मागायची तेव्हा कुणाचे आभार मानायची नाही.

आत्याचा पणतू सध्या माझ्याकडे राहतो. मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. गेल्या पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं, खड्डा दिसला नाही आणि गाडी पायावर पडली. केईएममध्ये केसपेपर काढला, प्लास्टर झालं. कुठे कामाला आहेस हे कुणी विचारलं नाही. महिनाभर मात्र कमाई शून्य, कारण ज्या कंपनीच्या ॲपवर तो राबतो तिच्या लेखी तो कामगारच नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याच्यासारख्यांचं नाव पहिल्यांदा आलं आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरावेत असं तिच्यात लिहिलं आहे. मी त्याला गासडीमागच्या रुपयाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजी, म्हणजे एका पार्सलमागं एक रुपया काढला तरी व्हईल की." हिशेब त्याला पटकन जमतो. येत्या रविवारी त्याची ई-श्रमवर नोंदणी करायची आहे. आधार, पासबुक आणि मोबाइलचा नंबर एका कागदावर लिहून ठेवायला सांगितलाय.